कार्ल रॉजर्स

कार्ल रॅन्सम रॉजर्स (८ जानेवारी, १९०२: ओक पार्क, इलिनॉय, अमेरिका – ४ फेब्रुवारी, १९८७: ला होया, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि व्यक्तिकेंद्रित मानसोपचार पद्धतीचे प्रवर्तक होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रावर दोन विचारप्रवाहांचा पगडा होता. सिग्मंड फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण अबोध मनातील संघर्षांचा अर्थ लावत असे, तर वर्तनवाद वर्तनाकडे बाह्य परिस्थितीतून घडलेली सवय म्हणून पाहत असे. या दोन्हींत माणसाचे काय बिनसले आहे, हे ठरवण्याचा अधिकार तज्ज्ञाकडे होता. आपले कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जायचे, हे त्या व्यक्तीलाच सर्वांत चांगले कळते, असे प्रतिपादन रॉजर्स यांनी केले. अब्राहम मॅस्लो यांच्याबरोबर त्यांची गणना मानवतावादी मानसशास्त्राच्या संस्थापकांत केली जाते.

== बालपण आणि शिक्षण ==

सहा भावंडांपैकी रॉजर्स हे चौथे. वडील स्थापत्य अभियंता होते. घरातील वातावरण कर्मठ प्रोटेस्टंट पंथाचे असून मद्य, पत्ते, नाटक आणि नृत्य यांना तेथे थारा नव्हता. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शिकागोजवळील एका शेतावर राहावयास गेले. तेथे त्यांनी पतंग पाळून त्यांचे निरीक्षण केले आणि शास्त्रीय शेतीवरील ग्रंथ वाचले. प्रयोग कसा मांडावा व पुरावा कसा तपासावा, याचे पहिले धडे त्यांना येथे मिळाले.

१९१९ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. परंतु धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने ते इतिहासाकडे वळले. १९२२ मध्ये एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी ते चीनमधील पेकिंग येथे गेले. सहा महिन्यांहून अधिक काळच्या या प्रवासात भिन्न मतांच्या लोकांशी संबंध आल्याने घरच्या धर्ममतापासून ते दूर गेले. १९२४ मध्ये पदवी मिळाल्यावर हेलन एलियट यांच्याशी विवाह करून ते न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. विशिष्ट श्रद्धेला बांधील राहावे लागेल असा व्यवसाय आपल्याला मानवणार नाही, असे वाटून दोन वर्षांनी त्यांनी धर्मशास्त्र सोडले व कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला. १९३१ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

== रॉचेस्टर: मतपरिवर्तनाचा काळ ==

१९२८ पासून बारा वर्षे रॉजर्स यांनी न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे बालसंरक्षण संस्थेत काम केले. न्यायालयाने किंवा समाजसंस्थांनी पाठवलेली, वर्तनसमस्या असलेली मुले तेथे येत. आरंभी ते प्रचलित पद्धतीनुसार मुलाखत, निदान आणि सल्ला या क्रमाने काम करीत.

येथील एका प्रसंगाचा उल्लेख ते पुढे वारंवार करीत. एका खोडकर मुलाच्या समस्येचे मूळ आईने त्याला लहानपणी झिडकारले यात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. अनेक बैठकांत समजावूनही आईला तो पटेना. अखेर रॉजर्स यांनी अपयश मान्य केले व तिनेही निरोप घेतला. दारापर्यंत गेल्यावर मात्र तिने वळून विचारले, की येथे प्रौढांना समुपदेशन मिळते काय. परत बसून तिने आपल्या वैवाहिक जीवनातील निराशा उलगडण्यास सुरुवात केली. बैठकांसाठी तयार केलेल्या नेटक्या वृत्तांतात यातले काहीच आले नव्हते. रॉजर्स यांनी या वेळी केवळ ऐकले आणि पुढे मुलाच्या वागण्यातही सुधारणा झाली. आपली हुशारी दाखवायची नसेल, तर दिशा ठरवण्याचे काम सल्लार्थीवर सोपवणे अधिक हिताचे, असा बोध त्यांनी यातून घेतला. १९३६ मध्ये ऑटो रँक यांच्या रॉचेस्टरमधील व्याख्यानांनी या विचाराला बळ मिळाले.

== नवी पद्धती आणि संशोधन ==

१९४० मध्ये रॉजर्स ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी समुपदेशनातील नव्या कल्पनांवर व्याख्यान दिले. श्रोत्यांत उठलेला वाद पाहून आपण काही वेगळे मांडत आहोत, याची त्यांना जाणीव झाली. व्यक्तिकेंद्रित पद्धतीचा जन्मदिवस म्हणून ते हाच दिवस सांगत.

तोवर उपचाराच्या खोलीत काय घडते, हे केवळ उपचारकाच्या आठवणीवरून कळत असे. रॉजर्स यांनी सल्लार्थीच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रिकांवर नोंदवण्यास सुरुवात केली. १९४२ च्या ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या ग्रंथात त्यांनी एका सल्लार्थीच्या आठही बैठकांचे शब्दशः वृत्त छापले. मानसोपचार ही खाजगी कला न राहता तपासता येण्याजोगा विषय झाला, यात या नोंदींचा मोठा वाटा आहे.

१९४५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र उभारले. मानसोपचार करण्याचा अधिकार केवळ वैद्यकीय पदवीधरांना आहे, असे मानणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांशी त्यांचा रॉचेस्टर व शिकागो या दोन्ही ठिकाणी संघर्ष झाला. १९४७ मध्ये ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि १९५६ मध्ये या संस्थेने त्यांना विशेष वैज्ञानिक योगदानाचा पुरस्कार दिला.

याच काळात ते स्वतः संकटात सापडले. एका तीव्र मनोविकारग्रस्त स्त्रीवर उपचार करताना त्यांचा तोल ढळला. ती सल्लार्थी दुसऱ्या तज्ज्ञाकडे सोपवून ते पत्नीसह शिकागोतून निघाले व दोन-तीन महिने दूर राहिले. परतल्यावर त्यांनी एका सहकाऱ्याकडून स्वतःवर उपचार करवून घेतले. उपचारकाने व्यावसायिक मुखवट्याआड राहू नये, हा त्यांचा आग्रह यानंतर अधिक ठाम झाला.

== सिद्धान्त ==

प्रत्येक जीवात आपल्या क्षमता विकसित करण्याची उपजत प्रवृत्ती असते, हे रॉजर्स यांचे मूलभूत गृहीतक होते. इतरांचे प्रेम अटींवर मिळू लागले, की मूल त्या अटींत न बसणारे अनुभव नाकारू लागते. त्यामुळे स्व-संकल्पना आणि प्रत्यक्ष अनुभव यांत दरी पडते व तीतून चिंता निर्माण होते. ही दरी कमी होण्यास लागणाऱ्या सहा अटी त्यांनी १९५७ मध्ये मांडल्या. त्यांपैकी उपचारकाशी संबंधित तीन अटी विशेष प्रसिद्ध आहेत:

* अंतर्बाह्य एकरूपता – उपचारकाने आपल्या भावनांशी प्रामाणिक असणे.
* विनाअट स्वीकार – सल्लार्थीला तो आहे तसा आदराने स्वीकारणे. याचा अर्थ त्याच्या प्रत्येक कृतीला संमती देणे असा नाही.
* समानुभूती – सल्लार्थीचे जग त्याच्या दृष्टीतून समजून घेणे व ते समजल्याचे त्याला जाणवू देणे.

या अटी आवश्यक तर आहेतच, शिवाय पुरेशाही आहेत, हा त्यांचा दावा सर्वाधिक वादग्रस्त ठरला.

== विस्कॉन्सिनमधील कसोटी ==

हा दावा तीव्र मनोविकारांनाही लागू पडतो का, हे पाहण्यासाठी १९५७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्यावर रॉजर्स यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर मोठा अभ्यास हाती घेतला. संशोधनाच्या नोंदींवरून सहकाऱ्यांत कटू वाद झाले आणि अहवाल १९६७ मध्ये निघाला. उपचार मिळालेल्या व न मिळालेल्या गटांत एकंदरीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ज्यांना अधिक समानुभूती व प्रामाणिकपणा लाभला, त्या रुग्णांत अधिक सुधारणा दिसली. हे निष्कर्ष रॉजर्स यांच्या अपेक्षेहून बरेच तोकडे होते. तरीही ते प्रसिद्ध करण्यात आले. १९६१ च्या ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ या ग्रंथाने मात्र त्यांना सामान्य वाचकांत लोकप्रिय केले.

== तीन पद्धतींचा चित्रपट ==

१९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका शैक्षणिक चित्रपटात ग्लोरिया नावाच्या एकाच स्त्रीशी रॉजर्स, गेस्टाल्ट उपचाराचे फ्रिट्झ पर्ल्स आणि विवेकनिष्ठ मानसोपचाराचे अल्बर्ट एलिस यांनी स्वतंत्रपणे संवाद साधला. रॉजर्स यांनी उत्तर देण्याचे टाळून तिला स्वतःचे उत्तर शोधू दिले. पर्ल्स यांनी तिचे हावभाव व त्या क्षणीची भावना यांवर बोट ठेवून तिला डिवचले. एलिस यांनी तिच्या अविवेकी समजुती शोधून त्यांचे खंडन केले. चित्रीकरणानंतर लगेच विचारले असता ग्लोरियाने पर्ल्स यांना पसंती दिली. पुढे अनेक वर्षे तिचा स्नेह राहिला तो मात्र रॉजर्स यांच्याशी. मानसोपचाराच्या विविध पद्धतींची ओळख करून देण्यासाठी हा चित्रपट अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना दाखवला गेला.

== उत्तरायुष्य ==

१९६३ नंतर विद्यापीठ सोडून रॉजर्स कॅलिफोर्नियातील ला होया येथे स्थायिक झाले. १९६८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सेंटर फॉर स्टडीज ऑफ द पर्सन ही संस्था स्थापन केली. पुढे त्यांनी आपली पद्धत शिक्षण, समूहकार्य व राजकीय संघर्ष यांत वापरली. उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक व प्रोटेस्टंट, तसेच दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय यांना एकत्र बसवून त्यांनी संवाद घडवले. १९८६ मध्ये त्यांनी सोव्हिएत संघात कार्यशाळा घेतल्या. पत्नी हेलन यांचे १९७९ मध्ये निधन झाले होते. १९८७ मध्ये पडल्याने रॉजर्स यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

== टीका आणि प्रभाव ==

तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९५७ च्या जाहीर संवादात उपचारक व रुग्ण यांचे नाते खरोखर समान असू शकते का, असा प्रश्न उपस्थित केला. बी. एफ. स्किनर यांच्याशी त्यांचा मानवी वर्तनावरील नियंत्रणाविषयीचा वाद प्रसिद्ध आहे. अनेक संशोधकांच्या मते रॉजर्स यांच्या अटी उपयुक्त असल्या तरी प्रत्येक विकारात त्या पुरेशा ठरत नाहीत. या पद्धतीत सल्लार्थीचेच म्हणणे परत मांडले जाते, असा समजही रूढ झाला. १९६६ च्या एलायझा या संगणक प्रोग्रॅमने याच शैलीची नक्कल केली होती.

१९८२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञांच्या पाहणीत सर्वांत प्रभावी मानसोपचारक म्हणून रॉजर्स यांचे नाव पहिले आले. एलिस दुसरे व फ्रॉइड तिसरे होते. यूजीन जेंडलिन, टॉमस गॉर्डन व मार्शल रोझेनबर्ग यांनी त्यांच्या विचारांचा विस्तार केला. व्यसनमुक्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रेरणादायी मुलाखत तंत्राचा पायाही त्यांच्या विचारांत आहे. उपचारपद्धती कोणतीही असो, उपचारक व सल्लार्थी यांच्यातील नात्याचा दर्जा परिणामावर प्रभाव टाकतो, हे आज भिन्न पंथांचे मानसोपचारकही मान्य करतात.