झुबेदाने नदीत टाकलेला हिशेब

अरबी सुरस कथांमधला खलिफा हारून अल रशीद आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतो. रात्री वेश पालटून बगदादच्या गल्ल्यांतून फिरणारा. त्याची बेगम झुबेदा आपल्या लक्षात राहते ती फार तर राजवाड्यातली एक राणी म्हणून. इथे सौदीत मात्र तिचं नाव अजूनही घेतात, आणि ते पाण्यासाठी. बांधकाम प्रकल्पांचा खर्च आणि प्रगती यांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी रियाधमध्ये काम करतो. त्यामुळे तिची गोष्ट ऐकली तेव्हा माझे कान जरा जास्तच टवकारले.

झुबेदा ही बगदाद वसवणाऱ्या खलिफा मन्सूरची नात. खरं नाव अमतुल अझीझ. गोरी, गुबगुबीत म्हणून आजोबांनी लाडाने झुबेदा म्हणायला सुरुवात केली. म्हणजे लोण्याचा गोळा! 781च्या सुमारास चुलतभाऊ हारूनशी तिचं लग्न झालं, आणि 786मध्ये तो खलिफा झाला. पैशाला तोटा नव्हता. पण तिचं नाव टिकलं ते दागिन्यांमुळे नाही, हजच्या वाटेमुळे.

इराकमधल्या कुफापासून मक्केपर्यंतचा वाळवंटी रस्ता 1400 किलोमीटरहून लांब. त्यावर दिवसाच्या चालीच्या हिशेबाने मुक्काम, विहिरी आणि पावसाचं पाणी साठवणारे दगडी तलाव होते. आधीच्या खलिफांनीही त्यावर काम केलं होतं, पण झुबेदाने इतकं केलं की रस्त्यालाच दर्ब झुबेदा हे नाव पडलं. त्यातले कित्येक तलाव अजून उभे आहेत.

खरी परीक्षा होती मक्केत. नदी नाही, पाऊस नावापुरता, आणि यात्रेला लाखभर तोंडं. एका वर्षी पाण्याची एक पखाल एका दीनाराला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, विकली जात होती म्हणे. झुबेदाने पाणी आणायचं ठरवलं. जाणकारांनी सांगितलं, मधे डोंगर आहेत, खडक आहे, खर्च झेपायचा नाही. त्यावर तिचा हुकूम असा सांगतात की कुदळीच्या एकेका घावाला एकेक दीनार पडला तरी चालेल, खोदा. हुनैन इथल्या झऱ्यासाठी तिथली बागायत तिने विकत घेतली आणि पाणी मक्केकडे वळवलं. दुसरा कालवा नुमान खोऱ्यातून अराफातच्या मैदानाकडे नेला. दगडी, झाकलेला कालवा. मधे मधे उतरून पाहण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरी. हाच ऐन झुबेदा.

खर्च किती? जुने इतिहासकार 17 लाख दीनार सांगतात. दीनार साधारण सव्वाचार ग्रॅमचा, म्हणजे सात टनांच्या वर सोनं. काम संपल्यावर कारभारी हिशेबाच्या वह्या घेऊन बगदादला गेले. झुबेदा टायग्रिसकाठच्या वाड्यात बसली होती. तिने वह्या घेतल्या आणि नदीत टाकल्या. हिशेब कयामतच्या दिवसासाठी सोडला. कुणाकडे पैसे उरले असतील तर त्याचे, कुणाचे येणे असतील तर त्याने घेऊन जावेत.

ही गोष्ट इथे दानशूरपणाचा कळस म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण माझ्यासारख्याला प्रश्न पडतो. वह्या बुडाल्या, तर 17 लाखांचा आकडा आला कुठून? गोष्टीतच उत्तर आहे: वह्या होत्या, म्हणजे जागेवर कुणीतरी रोजचा खर्च लिहीत होतं. खर्चाला मर्यादा नव्हती, पण कामाला होती. कालव्याचा उतार चुकला की पाणी थांबतं. नव्वद टक्के झालेला कालवा म्हणजे कोरडा चर. प्रगती मोजायची तर पाणी कुठवर आलं, एवढंच विचारायचं.

झुबेदाचं पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं. 809मध्ये हारून गेला. मुलगा अमीन खलिफा झाला, पण सावत्र भाऊ मामूनशी झालेल्या युद्धात 813मध्ये मारला गेला. त्यानंतर ती मामूनच्या राज्यात, मानाने पण मुलाविना राहिली आणि 831मध्ये बगदादला वारली.

तिच्या वह्यांची खरी किंमत कळली ती साडेसातशे वर्षांनी. 1560च्या दशकात ऑटोमन सुलतान सुलेमानची मुलगी मिहरिमाह हिने अराफातचं पाणी मक्केपर्यंत आणण्याचा खर्च उचलला. अंदाज बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं की झुबेदाचा कालवा पुढे मक्केपर्यंत जमिनीखाली गाडलेला असणार; नुसता उपसायचा. खोदत गेल्यावर कळलं, तो वाटेतच संपतो. पुढे कठीण खडक आहे म्हणून झुबेदाच्या माणसांनी तिथेच हात टेकले होते. मग खडकावर रात्रभर लाकडं जाळायची आणि तडकलेला थर सकाळी फोडायचा, असं सुरू झालं. आसपासचं जळण संपलं. प्रमुख अधिकारी काम अर्धवट असतानाच वारले. खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला आणि पाणी पोचायला 1571 उजाडलं. हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं कुतुबुद्दीन नहरवाली या मक्केतल्या विद्वानाने. त्याचं घराणं मूळचं गुजरातमधल्या पाटणचं.

आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्याही खासगीतून. दानाच्या कामातही त्यांचा हिशेब चोख असे. दोघी मनाने सारख्याच मोठ्या, पण वहीच्या बाबतीत मी अहिल्याबाईंच्या बाजूचा. झालेल्या खर्चाचा जाब कुणाला विचारायचा नसेल, तरी काम कुठे थांबलं आणि का थांबलं, एवढं पुढच्या माणसाला कळायला हवं.

ऐन झुबेदाचं पाणी विसाव्या शतकापर्यंत मक्केला पुरलं. आता तिथे समुद्राचं पाणी गोडं करून येतं. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, म्हणून अराफातच्या उतारावरची कालव्याची दगडी भिंत मी फोटोतच पाहिली आहे. बाराशे वर्षांनंतरही उतार सरळ दिसतो.