रमाबाई रानडे : शोक, स्मरण आणि लेखन

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहास्तव एका बालिकेचे पाणिग्रहण केले, हा अंतर्विरोध सुपरिचित आहे. या निरक्षर पत्नीस रानड्यांनी स्वतः शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून त्या मराठी व पुढे इंग्रजीही शिकल्या. ज्या लेखणीने त्यांनी पतीचे स्मरण केले, ती पतीनेच त्यांच्या हाती दिली होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. स्वतःचे अपत्य नसलेल्या रमाबाईंना एकोणचाळिसाव्या वर्षी वैधव्य आले. मुंबई सोडून त्या पुण्यास आल्या. रानड्यांची धर्मपर व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. १९०४ मध्ये मुंबईच्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हा ग्रंथ गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाला.

हा ग्रंथ म्हणजे शोकाच्या भरात लिहिलेली रोजनिशी नव्हे. पतिनिधन आणि प्रकाशन यांत नऊ वर्षांचे अंतर आहे, आणि त्या काळात शोकाला कार्याची जोड मिळालेली होती. म्हणूनच येथे विलाप अल्प असून तपशील विपुल आहे. रात्री पतीच्या तळपायांना तूप चोळणे, त्यांचा अबोला, सासरच्या स्त्रियांचे टोमणे अशा गोष्टींतून हरवलेले सहजीवन पुन्हा उभे राहते. गेलेल्या माणसाचे गुणगान करण्यापेक्षा त्याचा दिनक्रम आठवणे अधिक कठीण असते. रमाबाईंनी हे कठीण काम पत्करले.

या ग्रंथाकडे केवळ पतिभक्तीचे निदर्शक म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. ती निराधार नाही, परंतु अपुरी आहे. आठवणी रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबतात. त्यानंतर रमाबाई १९२४ पर्यंत जगल्या. पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी चळवळ केली. ही तेवीस वर्षे त्यांनी आठवणींच्या रूपाने लिहिली नाहीत. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द त्यांनी सहजीवनापुरता राखून ठेवला, असे म्हणता येईल. त्यामुळे स्मरणाने त्यांना शोकातून बाहेर आणले, की कार्याने सावरल्यावरच त्या स्मरण करू शकल्या, हा प्रश्न अभ्यासकास टाळता येत नाही. कालक्रमाचा पुरावा दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो.