विश्लेषण : महाराष्ट्र होऊन दोनच वर्षे झाली होती, तरी नागपूरने वेगळ्या विदर्भाचा खासदार का निवडला?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की वेगळ्या विदर्भाची मागणी पुन्हा बातम्यांत येते. मात्र या मागणीवर मते मागून लोकसभा गाठणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातले सर्वांत मोठे नाव माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे.

कोण होते बापूजी अणे?

जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. यवतमाळला वकिली करता करता ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी झाले आणि अखेरपर्यंत टिळकांचेच राहिले. १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. विदर्भाला समुद्रच नाही, मग कायदा मोडायचा कसा? अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि तुरुंगात गेले. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. जातीय निवाड्यावर पक्षाने ठाम विरोधाची भूमिका घेतली नाही, तेव्हा १९३४ मध्ये मदनमोहन मालवीयांसोबत त्यांनी वेगळा पक्षही काढला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, पण १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावेळी तिथून राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल होते.

एवढा राष्ट्रीय पातळीवरचा माणूस वेगळ्या राज्याच्या मागणीत कसा आला?

मराठी असूनही वेगळे राज्य का?

याचे उत्तर जुन्या कारभारात आहे. वऱ्हाड आणि नागपूर मध्य प्रांतात होते, मुंबई इलाख्यात नव्हते. काँग्रेसनेही १९२० नंतर भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हा मराठी मुलखाची एकच समिती केली नाही. पुण्याकडची महाराष्ट्र समिती वेगळी, वऱ्हाडची वेगळी, नागपूरची वेगळी. १९२१ ते १९३० या काळात वऱ्हाडच्या समितीचे अध्यक्ष अणेच होते. एका भाषेची दोन राज्ये असू शकतात, हे त्यांच्यासाठी नवे नव्हते. नागपूर राजधानी राहावी, कापसाच्या पट्ट्याचा महसूल तिथेच खर्च व्हावा, असा या बाजूचा आग्रह होता.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तो मान्यही केला. आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस अहवालात होती. केंद्राने ती स्वीकारली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. सरकारी आयोगाने दिलेले राज्य हातातून गेल्याची ही सल आजही विदर्भवाद्यांच्या प्रत्येक भाषणात सापडते.

मग मतपेटीत काय झाले?

अणे नागपुरातून १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. १९६२ मध्ये त्यांचे वय होते ८१. त्या वर्षी काँग्रेसने महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. निसटलेल्या तीनमध्ये राजापूरचे नाथ पै सोडले, तर नागपूर आणि चांदा या दोन्ही जागा विदर्भातल्या होत्या. चांद्यातून आदिवासी नेते लाल श्यामशाह अपक्ष आले होते.

नाशिककरांना यातला दुसरा धागा माहीत असेल. संयुक्त महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर आले. ज्यांच्या हाती महाराष्ट्राचा मंगल कलश आला ते आणि ज्यांना त्यात विदर्भ नको होता ते, दोघे एकाच सभागृहात बसले.

पण हा विजय मागणीचा होता की माणसाचा? आकडे माणसाकडे झुकतात. त्याच १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या. नाग विदर्भ आंदोलन समितीसारख्या संघटनेला स्वतःचा भक्कम गट उभा करता आला नाही. शिवाय काँग्रेसने चाल हुशारीने खेळली. चव्हाणांनंतर मुख्यमंत्री झाले चांद्याकडचे मारोतराव कन्नमवार आणि त्यांच्यानंतर १९६३ ते १९७५ वसंतराव नाईक. नाईक पुसदचे, म्हणजे अणे यांनी जिथे गवत कापले तिथलेच! मुख्यमंत्रीच आपला असताना वेगळे राज्य मागणाऱ्याला मत कोण देणार?

१९६७ मध्ये नागपूरची जागा काँग्रेसकडे परतली. २६ जानेवारी १९६८ रोजी अणे गेले. पद्मविभूषण त्याच वर्षीचे. टिळकांवरच्या त्यांच्या संस्कृत काव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पुढे कोणाला जमले?

१९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे यांनी फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूर जिंकले. तेच धोटे १९८० मध्ये पुन्हा जिंकले, पण इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून. २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्तापद सोडले आणि त्याच वर्षी विदर्भ राज्य आघाडी स्थापन केली. आजोबांची लोकसभेची जागा मात्र आजवर यातल्या एकाही विदर्भवादी पक्षाकडे आलेली नाही.