चेहरे वाचणारा डार्विन

डार्विन म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना माकड आणि माणूस यांचे नाते तेवढे आठवते. मलाही त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. मानसशास्त्र हा विषय घेतल्यावर भावनांवरचा त्याचा ग्रंथ परीक्षेपुरता चाळावा म्हणून मी ग्रंथालयातून आणला आणि प्रस्तावनेतच थबकले. तेथे मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्याचे नाव होते! तो माझाच जिल्हा, आजचा अहिल्यानगर. तेथे राहिलेल्या एर्स्किन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने डार्विनला कळविले होते की, या लोकांच्या चेहऱ्यांवरून ठाम काही सांगणे अवघड आहे. कारण गोऱ्या माणसासमोर सगळ्या भावना झाकून ठेवण्याची त्यांना सवयच जडलेली आहे.

मला आमचे आजोबा आठवले. कचेरीत शिरताना ते आधी डोक्यावरची टोपी सारखी करीत आणि मग चेहरा. आत काहीही ऐकून घ्यावे लागले तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. घरी आल्यावर मात्र पाण्याचा तांब्या घेताना हात थरथरे. हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आमच्या माणसांच्या चेहऱ्यावर काय शोधत होता? त्या कुतूहलापोटी मी त्याचे चरित्र वाचले. त्यातला जो डार्विन मला भेटला, तो वेगळाच होता.

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर. आठव्या वर्षीच आईचे छत्र हरपले. वडिलांच्या इच्छेखातर १८२५ मध्ये तो वैद्यक शिकायला एडिंबरोला गेला. त्या काळी क्लोरोफॉर्म नव्हते. रोगी शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया होत. अशा दोन शस्त्रक्रिया, त्यांतली एक तर लहान मुलावरची, पाहता पाहता तो अर्ध्यातूनच बाहेर पळाला आणि पुन्हा त्या दालनाकडे फिरकला नाही. ती दृश्ये पुढे कित्येक वर्षे त्याची पाठ सोडीनात. वैद्यक सुटले, धर्मोपदेशक व्हावे म्हणून केंब्रिजला पाठवणी झाली. पण तेथेही जीव रमला तो किडे जमविण्यात आणि वनस्पतिशास्त्रात.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाज निघाले, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. या जवळजवळ पाच वर्षांच्या प्रवासातील गालापागोस बेटांची हकिगत आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मला मोलाची वाटते ती ब्राझीलमधील एका तरीवरची छोटी घटना. १८३२ साल होते. तरीवर एक धिप्पाड कृष्णवर्णीय गुलाम होता. त्याला आपले म्हणणे समजेना, म्हणून डार्विन मोठ्याने बोलू लागला, हातवारे करू लागला. बोलता बोलता त्याचा हात त्या माणसाच्या चेहऱ्याजवळून गेला. त्या क्षणी त्या माणसाने डोळे अर्धवट मिटले आणि दोन्ही हात खाली सोडून दिले. हा गोरा आता आपल्याला मारणार, असे त्याला वाटले होते. मार चुकविण्यासाठी हात वर करण्याचीही त्याची हिंमत नव्हती!

त्या दृश्याने डार्विनला आश्चर्य, किळस आणि लाज या तिन्ही भावनांनी घेरले आणि ते क्षण तो कधी विसरला नाही. त्याचे घराणे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. याच प्रश्नावरून जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याच्याशी त्याचा कडाक्याचा वाद झाला. मला मात्र येथे आणखी एक गोष्ट दिसते. धोका दिसताच हात आपोआप वर येतात, ही प्राणिमात्राची उपजत प्रतिक्रिया. ती दाबायला किती वर्षांचा मार लागला असेल?

१८३६ मध्ये तो मायदेशी परतला. १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने जेनी नावाची ओरांगउटान पाहिली. रखवालदाराने सफरचंद दाखवून दिले नाही, तेव्हा तिने एखाद्या हट्टी मुलासारखे हातपाय आपटून आकांत केला. १८३९ च्या जानेवारीत एम्मा वेजवुडशी त्याचा विवाह झाला आणि डिसेंबरात विल्यम जन्मला. बापाने पाळण्याशेजारी वही उघडली! बाळ कशाने दचकते, केव्हा हसते, सारे टिपून ठेवले. विल्यम सहा महिन्यांचा असताना दाईने रडण्याचे सोंग केले, तर बाळाचे ओठ खाली वळले, चेहरा कष्टी झाला. दुसऱ्याच्या दुःखाने कष्टी होणे या वयातच उमलते, हे डार्विनने नोंदवून ठेवले.

पण भावनांचा हा अभ्यासक दुःखापासून दूर नव्हता. १८४२ पासून तो केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहू लागला. छातीची धडधड, ओकाऱ्या आणि अशक्तपणा यांनी त्याला जन्मभर छळले. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली. उपचारांसाठी तिला मॉल्व्हर्नला नेले होते. एम्माचे दिवस भरत आले होते, ती घरीच राहिली. ॲनीच्या उशाशी बाप बसून होता. २३ एप्रिलला ती गेली. पुढे अनेक वर्षांनी आगगाडीत समोर बसलेल्या एका वृद्धेच्या ओठांचे कोपरे किंचित खाली ओढले गेलेले त्याने पाहिले. पाठोपाठ तिचे डोळे भरून आले. फार पूर्वी गमावलेले एखादे मूल तिला आठवले असावे, असा तर्क त्याने आपल्या ग्रंथात लिहिला आहे. हा तर्क करणारा कोण होता, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या पानावर दोन शोक दिसतात.

१८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला आणि विचारांच्या जगात वादळ उठले. ती कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचे त्याचे काम मात्र मागे पडले. माणसाचे शरीर उत्क्रांत झाले असेल, तर भय, क्रोध, लज्जा, माया यांचे काय? १८६७ मध्ये त्याने सोळा प्रश्नांची एक यादी छापून देशोदेशी पाठविली. आश्चर्य वाटले की डोळे व तोंड उघडते का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का? मिशनरी, अधिकारी, वसाहतीतले रहिवासी अशा छत्तीस जणांची उत्तरे आली. नगरची नोंद त्यातलीच. फ्रेंच डॉक्टर दुशेन याने घेतलेली चेहऱ्यांची छायाचित्रे त्याने विसाहून अधिक माणसांना दाखवून कोणती भावना दिसते ते विचारले. १८७२ मध्ये माणसाच्या व प्राण्यांच्या भावनाविष्कारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. छायाचित्रे असलेल्या पहिल्यावहिल्या शास्त्रीय ग्रंथांपैकी तो एक.

त्यातला एक प्रयोग तर त्याने स्वतःवरच केला. प्राणिसंग्रहालयातील विषारी ‘पफ ॲडर’ सापाच्या जाड काचेला चेहरा भिडवून तो उभा राहिला. मागे हटायचे नाही असा निश्चय करून! सापाने काचेवर झेप घेताच स्वारी दोन पावले मागे उडाली. काच फुटणार नाही हे बुद्धीला पक्के ठाऊक होते. शरीराने बुद्धीला विचारलेच नाही. आपल्याकडे रज्जुसर्पाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. दोरीला साप समजून उडी मारणाऱ्याला लोक हसतात. पण सापाला दोरी समजणारा हसण्यापुरताही उरत नाही. आपण सारे त्या उडी मारणाऱ्यांचे वंशज आहोत. आजचे मानसशास्त्रज्ञही हेच सांगतात की, शंभरदा उगाच दचकणे परवडते, एकदा न दचकणे परवडत नाही. तेव्हा भय हा भ्याडपणा नव्हे. ती पूर्वजांनी ठेवलेली राखण आहे.

मग धोका पत्करून दुसऱ्यासाठी धावणारा माणूस आला कोठून? १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये डार्विनने याचा विचार केला आहे. ज्या टोळीतील माणसे एकमेकांना जपतात, ती टोळी तग धरते, असे त्याचे म्हणणे. याच ग्रंथात एका चिमुकल्या माकडाची हकिगत आहे. त्याच्या रखवालदारावर एका बलदंड बबूनने हल्ला केला. ते माकड त्या बबूनला थरथर भीत असे. तरीही मित्र संकटात पाहून ते धावून गेले, किंचाळून व चावे घेऊन त्याने बबूनला भंडावले आणि रखवालदार निसटला. असा पूर्वज लाभणे डार्विनला भूषणावह वाटले.

त्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. सवयी वंशपरंपरेने पुढे जातात हा त्याचा समज पुढे टिकला नाही. ‘रानटी’ आणि ‘सुधारलेले’ अशी माणसांची उतरंड तोही मानीत असे. तरीवरच्या त्या माणसाला त्याने मंदबुद्धी ठरविले होते. सहकार्याचे कोडे हॅमिल्टनने १९६४ मध्ये आणि ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये अधिक नेमकेपणाने उलगडले. सर्व मानवजातीचे चेहरे एकच भाषा बोलतात का, हा वाद तर अजून मिटलेला नाही. आणि नगरच्या नोंदीत त्याचेही उत्तर दडले आहे, असे मला वाटते. भय सर्वांना सारखेच मिळाले आहे. ते कोणी कोणासमोर दाखवायचे, हे मात्र निसर्गाने नव्हे, सत्तेने ठरविले.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाऊन येथे डार्विनचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला मूठमाती देण्यात आली. सहानुभूतीचे वर्तुळ कुटुंबापासून टोळीपर्यंत, टोळीपासून राष्ट्रापर्यंत, आणि अखेर सर्व माणसांपर्यंत व मुक्या प्राण्यांपर्यंत वाढत जावे, असा विश्वास तो मागे ठेवून गेला. ते वर्तुळ खरेच वाढले की नाही, हे मोजण्याची माझी एक साधी खूण आहे. कोणाचाही हात सहज वर उचलला गेला, तर समोरच्या दुबळ्या माणसाला आपला हात आडवा घालण्याची मोकळीक आहे का? आणि कचेरीत शिरताना कोणाच्या आजोबांना टोपीबरोबर चेहराही सारखा करावा लागतो का?