गाठीच्या आत पाहणारे डॉ. खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ मध्ये क्वेट्टा येथे झाला; घराणे मूळचे गोमंतकातले. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. करून ते मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना रुग्णाच्या सवयींचाही त्यांनी अभ्यास केला. तोंडात धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी, उलटी ओढलेली चुट्टा आणि कमरेला घट्ट आवळलेले धोतर यांचा कॅन्सरशी असलेला संबंध त्यांनी १९४५ मध्ये मांडला. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे राहिले. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळात एमआरआय नुकतेच माणसाच्या शरीराची चित्रे काढू लागले होते. आज हाडांच्या किंवा स्नायूंच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे सार्कोमामध्ये, केमोथेरपी चालू असताना हीच तपासणी उपयोगी पडते. गाठीत जिवंत पेशी दाटीने असतील तर तिथले पाणी अडखळत हलते. पेशी मेल्या की ते मोकळे फिरते. एमआरआयच्या एका विशिष्ट पद्धतीत हा फरक दिसतो. शेवटचा निवाडा मात्र खानोलकरांच्याच शास्त्राचा असतो. ऑस्टिओसार्कोमाची शस्त्रक्रियेत काढलेली गाठ विकृतितज्ज्ञ तपासतो; ९० टक्के किंवा अधिक पेशी मेलेल्या असतील तर औषध चांगले लागू पडले असे मानतात.

जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदनच्या घरांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. हाडाची गाठ आतून मरत असतानाही बाहेरून तेवढीच दिसू शकते. त्यामुळे दोन-तीन केमोनंतर सूज उतरली नाही म्हणून उपचार सोडू नयेत आणि सूज उतरली म्हणूनही सोडू नयेत. केमोआधीच्या एमआरआयच्या फिल्म व सीडी जपून ठेवाव्यात आणि छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला जाताना सोबत न्याव्यात. आधीचे चित्र शेजारी असले तरच नंतरच्या चित्रातला बदल नीट कळतो.