मजल्यांना जोडणारा अभियंता

इमारत जितकी उंच, तितकी तिच्या पोटातली जागा लिफ्ट खाऊन टाकते. दहा मजल्यांना दोन-तीन लिफ्ट पुरतात. शंभर मजल्यांवर हजारो माणसे राहणार-काम करणार असतील आणि प्रत्येक लिफ्ट तळापासून शेंड्यापर्यंत धावणार असेल, तर खालच्या मजल्यांचा मोठा भाग लिफ्टच्या उभ्या विहिरींतच संपतो. शिवाय वरच्या माणसाला खाली उतरणे इतके जिकिरीचे होते की तो उतरणेच टाळू लागतो. हा तिढा ओळखून गगनचुंबी इमारतीची मांडणी नव्याने करणाऱ्यांमध्ये फझलुर रहमान खान यांचे नाव फार वरचे आहे.

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्याला झाला. वडील गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक. मुलाने स्थापत्य अभियांत्रिकीची वाट धरली आणि कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला. १९५० च्या दंगलींमुळे ढाक्याला परतावे लागले आणि पदवी तेथील अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून मिळाली. १९५२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. इलिनॉय विद्यापीठात अवघ्या तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि पीएचडी मिळवली. १९५५ मध्ये शिकागोतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेत ते रुजू झाले. मधली काही वर्षे मायदेशी काम करून १९६० मध्ये ते पुन्हा तिथेच आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

त्या काळी उंच इमारत म्हणजे आत खांब-तुळयांचे दाट जंगल. उंची वाढली की वाऱ्याचा जोर वाढतो आणि तो पेलायला पोलाद भरमसाट लागते. खान यांनी भार बाहेरच्या अंगाला नेला. बांबू आतून पोकळ असतो, पण त्याची बाहेरची भिंत वारा पेलते. तशीच ही रचना. बाहेरचे खांब जवळजवळ उभारून, तुळयांनी बांधून सगळी इमारत एक पोकळ नळी करायची. शिकागोतील ४३ मजली डेविट-चेस्टनट ही अशी पहिली इमारत मानली जाते. आतली जागा बरीच मोकळी झाली आणि त्या मोकळ्या जागेत माणसांचे जगणे कसे मांडायचे, हा प्रश्न पुढे आला.

त्याचे उत्तर जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये मिळाले. मूळ विचार दोन इमारतींचा होता, एक घरांची आणि एक कार्यालयांची. खान आणि वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम यांनी त्या एकमेकींवर रचल्या. खाली दुकाने आणि वाहनतळ, मध्ये कार्यालये, वर सुमारे सातशे घरे. इमारत वर निमुळती होत जाते. कार्यालयाला मोठा मजला चालतो, घराला मात्र प्रत्येक खोलीजवळ खिडकी हवी असते. म्हणून वरचे मजले लहान ठेवले. बाहेरून दिसणाऱ्या प्रचंड फुल्या या शोभेच्या नाहीत, त्याच वाऱ्याचा भार वाहतात. ३४४ मीटर उंचीच्या या इमारतीला दर चौरस मीटरमागे सुमारे १४५ किलो पोलाद लागले. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ते २०० किलोंहून अधिक लागले होते.

येण्याजाण्याची व्यवस्था मुंबईकराला चटकन कळेल. फास्ट लोकलने दादर गाठायचे, तिथे उतरून स्लो पकडायची आणि करी रोडला उतरायचे. हॅनकॉकमध्ये दादरचे काम ४४वा मजला करतो. घरी जाणारा माणूस जलद लिफ्टने थेट तिथे पोहोचतो आणि लिफ्ट बदलून आपल्या मजल्यावर जातो. अशा मजल्याला स्काय लॉबी म्हणतात. वरच्या घरांच्या लिफ्ट ४४व्या मजल्यावरूनच सुरू होत असल्याने त्यांच्यासाठी खालच्या मजल्यांवर जागा अडवावी लागत नाही.

पण ही लॉबी केवळ लिफ्ट बदलण्याची जागा नव्हती. त्याच मजल्यावर पोहण्याचा तलाव आणि किराणा दुकान आले. घरी जाताना प्रत्येकाला तिथे थांबावेच लागते, त्यामुळे साठाव्या आणि नव्वदाव्या मजल्यावरच्या माणसांची गाठ पडते. शेजार आडवा असतो तेव्हा तो आपोआप जमतो. उभ्या शेजाराला मात्र जागा नेमून द्यावी लागते.

उंचीचा शरीरावर होणारा परिणामही खान यांनी दुर्लक्षिला नाही. प्रत्येक उंच इमारत वाऱ्यात थोडी हलते. ती पडत नाही, पण आपल्या कानाच्या आतले संतुलनाचे इंद्रिय ही हालचाल टिपते आणि काहींना भोवळ, मळमळ जाणवते. किती हालचाल माणसाला कळते, याची फारशी माहिती तेव्हा उपलब्ध नव्हती. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात धुलाई यंत्राच्या प्रदर्शनात हलणारी जमीन होती. खान यांनी तिच्यावर माणसांना उभे केले, बसवले, झोपवले आणि हालचाल केव्हा जाणवते ते नोंदवले. पोलादाची गणिते मांडणाऱ्या अभियंत्याने माणसाची सहनशक्तीही मोजायला घेतली, हे त्या काळात वेगळे होते.

१९७४ मध्ये पूर्ण झालेल्या सिअर्स टॉवरमध्ये त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. ११० मजल्यांच्या या इमारतीत दोन ठिकाणी स्काय लॉबी आल्या आणि तिथवर जाणाऱ्या जलद लिफ्ट दुमजली केल्या, म्हणजे एका फेरीत दोन मजल्यांची माणसे. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे ही जगातली सर्वांत उंच इमारत होती.

खान यांना रवींद्रसंगीताची ओढ होती. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात अत्याचार सुरू झाले तेव्हा त्यांनी शिकागोत बांगलादेशासाठी मदतनिधी आणि जनमत उभे करायला पुढाकार घेतला. केवळ तंत्रात बुडालेला अभियंता त्यांना अपुरा वाटे. कला, संगीत आणि माणसे यांच्याशी नाते तुटले तर बांधकामही कोरडे होते, अशी त्यांची धारणा होती. जेद्दा विमानतळावरील हज यात्रेकरूंसाठीचे तंबूंसारखे विशाल छत हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. त्याच जेद्दा शहरात २७ मार्च १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते.

त्यांच्या मांडणीला एक दुसरी बाजूही आहे. घर, दुकान, तलाव आणि कार्यालय एकाच इमारतीत मिळाले, तर माणूस खाली रस्त्यावर यायचाच थांबेल. मजले एकमेकांशी जोडले जातील आणि शहराशी तुटतील. शिवाय लिफ्ट सोयीची असली तरी पायांना काम देत नाही. लिफ्टची वाट पाहण्यापेक्षा दोन मजले चढून जावेसे वाटेल असा उजेडाचा, हवेशीर जिना उंच इमारतींत अजूनही क्वचितच दिसतो. बहुतेक ठिकाणी तो आगीच्या दाराआड, अंधारात असतो.

तरीही खान यांनी रूढ केलेली वाट पुढे चालू राहिली. दुबईच्या बुर्ज खलिफाची रचना त्यांच्याच संस्थेने केली. तिथे ४३, ७६ आणि १२३व्या मजल्यांवर स्काय लॉबी आहेत आणि पहिल्या दोन ठिकाणी पोहण्याचे तलाव आहेत. उंच इमारतीत घर बघताना आपण खिडकीतला देखावा आणि लिफ्टचा वेग विचारतो. घर आणि तळमजला यांच्या मध्ये कुठे थांबता येईल, कुणाशी दोन शब्द बोलता येतील आणि जिना खरोखर वापरता येतो का, हेही विचारायला हवे.