सर विश्वेश्वरय्या आणि आमचा रोबोट

१५ सप्टेंबर आला की आपण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या फोटोला हार घालतो आणि सामोसे खाऊन इंजिनिअर्स डे संपवतो. पण त्यांची पहिली नोकरी आपल्या नाशिकची, हे हॉस्टेलमध्ये कितीजणांना माहीत आहे?

त्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगलोरला शिकवण्या करून ते बी.ए. झाले. मग स्कॉलरशिपवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आपलं सीओईपी) आले आणि १८८३ मध्ये मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिक, नंतर खानदेश.

माझं गाव पिंपळगाव बसवंत. पालखेडचे दरवाजे उघडले की कादवा कशी फुगते ते लहानपणापासून बघतेय, म्हणून मला त्यांचं खडकवासल्याचं काम सगळ्यात भारी वाटतं. तिथे पाण्याचा साठा वाढवायचा होता, पण धरणाची भिंत उंच करायची नव्हती. शिवाय पूर आला की जादा पाणी माणसाची वाट न बघता निघून गेलं पाहिजे. या अटी आधी पक्क्या, मग मशीन! १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दारं उघडणार, पूर ओसरला की मिटणार. साठ्याची पातळी सुमारे ८ फूट वाढली. ना सेन्सर, ना मायक्रोकंट्रोलर. पुढे कृष्णराजसागरलाही तशीच दारं आली. ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये शंभरी ओलांडून गेले. हे सगळं जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतंच.

आता आमचा रोबोट. टीममध्ये कोणाला स्पीड हवा, कोणाला तीन जॉइंटचा आर्म, एकाला तर निळे एलईडी! पैसे आमच्याच खिशातले. माझा वाटा म्हणजे पप्पांच्या टोमॅटोच्या पट्टीतले. मोटर एकदा घेतली की बदलायला दुसरे नाहीत. म्हणून मी फळ्यावर क्रम लिहिलाय: स्टार्ट दिल्यावर हात न लावता टास्क पूर्ण झालाच पाहिजे. मग वजन नियमात. मग स्पीड. आर्म एकाच जॉइंटचा. मेकॅनिकलवाले अजून रुसलेत. मोटरची ऑर्डर सोमवारी जाणार आहे, तोपर्यंत भांडायला या.